रेषेबाहेरचे पीकेदा

३० सप्टेंबर १९७५ रोजी कोलकात्यात आयएफए शिल्ड या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला आणि ईस्ट बंगालनं मोहन बागानला ५-० असं धुतलं. श्याम थापाचे दोन गोल. सुरजित सेनगुप्ता, रणजित मुखर्जी आणि शुभंकर सन्याल यांचा एकेक. शिवाय एक पेनल्टी वाया गेली, नाहीतर सहा झाले असते. बागानच्या काही खेळाडूंनी ती रात्र लोकांच्या रागापासून लांब, गंगेत नावेवर काढली असं सांगतात. एका समर्थकानं तर पराभव सहन न होऊन जीव दिला. बंगालमध्ये आजही ‘पाच गोल’ एवढंच म्हटलं तरी कोणता सामना ते सांगावं लागत नाही.

त्या ईस्ट बंगालचे कोच होते प्रदीपकुमार बॅनर्जी. सगळ्या देशाचे पी. के., आणि बंगालचे पीकेदा. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, हे गृहस्थ मोहन बागानचे कोच झाले.

या दोन क्लबांमधलं अंतर ज्यांना ठाऊक नाही त्यांना यात काही विशेष वाटणार नाही. एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत जावं तसं ते वाटेल. पण मोहन बागान हा पश्चिम बंगालच्या मूळ रहिवाशांचा, घोटींचा क्लब, आणि ईस्ट बंगाल पूर्वेकडून आलेल्यांचा, बाङालांचा. फाळणीत घरदार सोडून आलेल्या लाखो माणसांनी नव्या शहरात आपलं म्हणून जे काही धरून ठेवलं, त्यात लाल-सोनेरी जर्सी होती. ईस्ट बंगाल जिंकलं की बाजारात हिलसा मासा महागतो आणि बागान जिंकलं की कोळंबी, हे तिथं गंमत म्हणून सांगतात, पण त्यात खोटं फारसं नाही. ज्या माणसानं आदल्या वर्षी तुम्हाला पाच गोल खायला लावले, त्यालाच तुम्ही बोलावून आणता आणि म्हणता, आता आमच्या पोरांना शिकवा. आणि तो शिकवतो. १९७६ च्या कलकत्ता लीगमध्ये ईस्ट बंगालविरुद्ध सामना सुरू होऊन वीस सेकंदही झाली नव्हती, तेवढ्यात मोहम्मद अकबरनं गोल केला. ईस्ट बंगालनं सलग सहा वर्षं जिंकलेली लीग त्या वर्षी बागानकडे गेली.

मला या माणसाबद्दल कायम कुतूहल वाटत आलंय, ते या एका गोष्टीमुळं. दोन्ही घरांनी त्यांना आपलं मानलं. आणि याचं मूळ मला त्यांच्या खेळाडू म्हणून असलेल्या आयुष्यात दिसतं, कारण खेळाडू म्हणून ते या दोन्ही क्लबांकडून कधी खेळलेच नाहीत.

पीकेदांचा जन्म २३ जून १९३६ चा, उत्तर बंगालात जलपायगुडीजवळच्या मयनागुडीचा. पुढं कुटुंब जमशेदपूरला आलं आणि संतोष ट्रॉफीत ते पहिल्यांदा खेळले ते बिहारकडून, राइट विंगला, शाळकरी वयात. १९५४ मध्ये कोलकात्यात आर्यन क्लबकडे आले आणि लगेच पुढच्या वर्षी ईस्टर्न रेल्वेकडे. तिथंच राहिले, १९६७ मध्ये बूट काढून ठेवेपर्यंत. रेल्वेची नोकरी हा घराचा आधार होता. भारताचा कर्णधार, १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळालेला पहिला फुटबॉलपटू, आणि क्लब कुठला तर रेल्वेचा! त्यांचा जिवलग मित्र चुनी गोस्वामी मोहन बागानचा लाडका होता, आयुष्यभर एकाच क्लबचा. (चुनीदा क्रिकेटही तितक्याच सहजपणे खेळत. १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध बंगालचं नेतृत्व त्यांनीच केलं होतं.) पीकेदांच्या मागे असा कुठला जमाव नव्हता. बाघा सोम यांच्या हाताखाली तयार झालेल्या ईस्टर्न रेल्वेनं १९५८ मध्ये कलकत्ता लीग जिंकली. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मदन स्पोर्टिंग या तीन मोठ्या क्लबांबाहेरचा संघ पुन्हा ही लीग जिंकायला २०१९ उजाडलं. तेव्हा पीअरलेसनं ती जिंकली. मधली एकसष्ट वर्षं कुणालाही ते जमलं नाही. रेल्वेच्या त्या विजयाचं मोल मला ऑलिंपिकमधल्या गोलाइतकं वाटतं.

तसा ऑलिंपिकमधला गोलही आहेच. १९५६ च्या मेलबर्नमध्ये नेव्हिल डिसूझाच्या तीन गोलांच्या जोरावर ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवून भारत उपांत्य फेरीत गेला आणि चौथा आला. त्या संघात पीकेदा होते, वय वीस. चार वर्षांनी रोममध्ये ते कर्णधार होते. फ्रान्सविरुद्ध दुसऱ्या अर्धात त्यांनी गोल करून भारताला पुढे नेलं. शेवटची दहाएक मिनिटं राहिली असताना फ्रान्सनं बरोबरी केली आणि सामना १-१ सुटला. त्याच गटात हंगेरीकडून भारत फक्त २-१ असा हरला होता. आजच्या क्रमवारीकडे बघून हे आकडे वाचले की छातीत कळ येते.

पण कोच पीकेदा घडले ते जकार्तात, असं माझं मत आहे. १९६२ च्या आशियाई स्पर्धेत. मैदानावर ते तेव्हा राइट विंगलाच होते, तरी.

भारताचे कोच होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशानं शिक्षक. १९५० पासून संघ त्यांच्या हाती होता. ज्या पायानं नीट मारता येत नाही, फक्त त्याच पायानं खेळायचे सामने ते खेळाडूंमध्ये लावत. जकार्ताला गेले तेव्हा त्यांच्या फुप्फुसात कॅन्सर होता. त्यात इस्रायल आणि तैवानला यजमान इंडोनेशियानं दूर ठेवलं म्हणून भारताचे जी. डी. सोंधी यांनी आक्षेप घेतला, आणि सगळं शहर भारतीयांवर उलटलं. भारतीय दूतावासावर जमाव चालून गेला. जर्नेलसिंगची पगडी बाहेरून दिसू नये म्हणून त्याला बसमध्ये खाली बसवून नेत, असं त्या संघातल्यांनी सांगितलंय.

पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियानं २-० असं हरवलं. मग थायलंडवर ४-१, जपानवर २-०, उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनामवर ३-२. अंतिम सामना पुन्हा कोरियाशी. जर्नेल हा मुळात बचावपटू. डोक्याला टाके पडले होते, त्यामुळं बचावात उभं राहून हेडर मारत बसणं शक्य नव्हतं. रहीमसाहेबांनी त्याला पुढं काढलं आणि आघाडीवीर केलं. अंतिम सामन्याआधी रहीमसाहेबांनी मुलांकडे एकच मागणं मागितलं, सुवर्णपदकाचं. आपल्याजवळ फार दिवस नाहीत हे त्यांना कळलं होतं.

लाखभर प्रेक्षक भारताच्या विरोधात ओरडत होते. सतराव्या मिनिटाला पीकेदांचा गोल. विसाव्या मिनिटाला दुसरा, टाके घातलेल्या जर्नेलसिंगचा. शेवटी शेवटी कोरियानं एक फेडला, पण २-१ वर सुवर्ण आपलं झालं. रहीमसाहेब पुढच्या वर्षी, जून १९६३ मध्ये गेले.

पीकेदा सव्वीस वर्षांचे होते. एक शिक्षक आपल्या खेळाडूंशी काय बोलतो, कधी बोलतो, आणि बोलण्याआधी त्याच्या पदरात काय असावं लागतं, हे त्यांनी तिथं अगदी जवळून पाहिलं. रहीमसाहेबांच्या त्या मागण्याला वजन आलं ते आजारामुळं, हे खरं. पण त्याहून जास्त, त्या माणसानं बारा वर्षं या पोरांच्या दुसऱ्या पायावर केलेल्या मेहनतीमुळं आलं. हा दुसरा भाग लोक विसरतात. पीकेदा तो विसरले नाहीत.

खेळणं थांबवल्यावर १९६९ मध्ये ते जपानला गेले, फिफाच्या प्रशिक्षण अभ्यासक्रमासाठी. तिथं शिकवायला होते डेट्मार क्रामर. हे जर्मन गृहस्थ पुढं बायर्न म्युनिकला लागोपाठ दोनदा, १९७५ आणि १९७६ मध्ये, युरोपियन कप जिंकून देणार होते; त्याआधी त्यांनी जपानी फुटबॉलची पायाभरणी केली होती. १९६२ मध्ये ज्या जपानला भारतानं २-० हरवलं, त्या जपाननं १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्य घेतलं. त्या हरलेल्या संघाविरुद्ध खेळलेला माणूस सात वर्षांनी त्यांच्याच देशात वही उघडून शिकायला बसला. स्वतःच्या नावाचा मोठेपणा बाजूला ठेवल्याशिवाय हे होत नाही. आपल्याकडे नावाजलेल्या खेळाडूला निवृत्तीनंतर कोच नेमतात ते नावावरच. त्यानं काही शिकून यावं अशी अपेक्षाही कुणी करत नाही.

१९७२ मध्ये ते ईस्ट बंगालला आले. त्या वर्षी क्लबनं लीग जिंकली ती एकही गोल न स्वीकारता. शिल्ड, ड्युरँड आणि मुंबईचा रोव्हर्स कप हे तिन्हीही त्याच हंगामात. रोव्हर्स तेवढा मोहन बागानबरोबर विभागून. रोव्हर्स कप कूपरेजवर होत असे. मुंबईच्या जुन्या फुटबॉलवेड्यांना त्या संघाची नावं अजून तोंडपाठ आहेत.

आता त्या प्रसिद्ध बोलण्याकडे येतो. पीकेदांच्या ड्रेसिंग रूममधल्या भाषणाला बंगालच्या पत्रकारांनी ‘व्होकल टॉनिक’ असं नाव दिलं आणि ते त्यांना कायमचं चिकटलं. बंगाली, हिंदी, इंग्रजी असं सगळं मिसळून ते बोलत, कधी खेळाडूच्या आईवडिलांची आठवण काढत, कधी आवाज चढवत, कधी डोळ्यांत पाणी. खेळाडू आतून पेटून बाहेर पडत, असं त्यांच्याकडं खेळलेले लोक सांगतात, आणि ते खरंच असणार. तरीही हे नाव पीकेदांवर अन्याय करतं असं मला ठामपणे वाटतं. जणू आठवडाभर काही नाही आणि सामन्याआधी दहा मिनिटं बोललं की झालं!

सरावात ते काय करून घेत? सामन्यात जे प्रसंग येतात तेच तुकडे करून पुन्हा पुन्हा खेळवायचे. त्याला ते ‘सिच्युएशन प्रॅक्टिस’ म्हणत. समजा, उजव्या बगलेवर चेंडू मिळालाय. समोर एक बचावपटू, मागून दुसरा धावत येतोय. विंगरनं आत कापायचं की रेषेपर्यंत जायचं? आत कापलं तर मधल्या आघाडीवीरानं जवळच्या खांबाकडे पळायचं की थांबायचं? हे एकदा समजावून सांगून भागत नाही. पाय आपोआप वळेपर्यंत ते करावं लागतं. पीकेदांनी स्वतः ती जागा बारा-तेरा वर्षं खेळली होती. त्यांच्या देहाला जे विचार न करता येत होतं, ते त्यांनी आधी स्वतःसाठी सुटं करून पाहिलं आणि मग दुसऱ्याला देण्याजोगं केलं.

मोठ्या खेळाडूंना नेमकं हेच जमत नाही. ज्याला एखादी गोष्ट उपजत येते त्याला ती कशी येते हे माहीतच नसतं. तो म्हणतो, ‘अरे, असं कर ना!’ आणि करून दाखवतो. समोरचा बघतच राहतो. पीकेदांच्या सुरजित सेनगुप्ताला मात्र विंगवरून आत शिरताना पाहिलेले लोक सांगतात की त्यात गुरूचा हात दिसायचा.

टॉनिकला गुण यायचा तो या सरावामुळं. आठवडाभर ज्यानं आपल्या प्रत्येक चुकीवर बोट ठेवलंय, तो माणूस शनिवारी म्हणतो की तू हे करू शकतोस, तेव्हा खेळाडूचा विश्वास बसतो.

१९७७ चं उदाहरण मला यासाठी फार आवडतं. त्या वर्षी लीगमध्ये ईस्ट बंगालनं बागानला हरवलं आणि लीगही नेली. बागानच्या समर्थकांचा सगळा राग कोचवर. आणि त्यातच २४ सप्टेंबरला पेले येणार होता, न्यूयॉर्क कॉसमॉस घेऊन, ईडन गार्डन्सवर. सोबत ब्राझीलचा विश्वविजेता कर्णधार कार्लोस अल्बर्टो. मैदान पावसानं भिजलेलं. गौतम सरकार पेलेला सावलीसारखा चिकटून राहिला, गोलरक्षक शिवाजी बॅनर्जीनं त्याच्या पायातून चेंडू काढले. कार्लोस अल्बर्टोनं कॉसमॉसला पुढं नेलं, लगेच श्याम थापानं फेडला, मग हबीबनं बागानला आघाडी दिली. शेवटी पेनल्टीवर कॉसमॉसनं बरोबरी साधली, तीही वादग्रस्त. सामना २-२.

प्रदर्शनी सामना होता, पेले छत्तिशीत होता, सगळं मान्य. पण चारच दिवसांनी त्याच बागाननं शिल्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालला १-० हरवलं. मग ड्युरँड, मग रोव्हर्स. लीग गमावून खचलेला संघ वर्ष संपताना तीन करंडक घेऊन उभा होता. लोकांना पेले आठवतो, मला ते चार दिवस आठवतात. पेलेशी बरोबरी केल्यावर अंगात जे वारं शिरतं ते उतरवून, खेळाडूंना पुन्हा आपल्या गावच्या, नेहमीच्या शत्रूसमोर उभं करणं, हे काम कितीतरी अवघड.

१९९७ चा फेडरेशन कप उपांत्य सामना मी टीव्हीवर पाहिला होता. १३ जुलै, सॉल्ट लेक स्टेडियम, सुमारे १,३१,००० प्रेक्षक. मोहन बागानचे कोच अमल दत्त, पीकेदांचे जुने प्रतिस्पर्धी आणि तितकेच अभ्यासू. त्यांनी ‘डायमंड’ नावाची आक्रमक रचना आणली होती आणि उपांत्यपूर्व फेरीत चर्चिल ब्रदर्सला ६-० असं लोळवलं होतं. सामन्याआधी अमलबाबूंनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंची नावं घेऊन खिल्ली उडवली. सोसोला ‘शशा’ म्हणजे काकडी, ओमोलोला ऑम्लेट, आणि सिक्कीमच्या बायचुंग भुतियाला ‘चुंगचुंग’. वर्तमानपत्रांनी ते चवीनं छापलं. तेव्हा ईस्ट बंगालचे कोच असलेल्या एकसष्ट वर्षांच्या पीकेदांना आयतं इंधन मिळालं, असं त्या सामन्याबद्दल नेहमी म्हटलं जातं.

असेलही. पण त्या दिवशी मैदानावर दिसलं ते वेगळं. बागानचे खेळाडू लाटेसारखे पुढं येत होते आणि त्यांच्या मागं मोकळं रान पडत होतं. ईस्ट बंगालचे मध्यरक्षक चेंडू हिसकावून एका-दोन पासांत त्या मोकळ्या रानात सोडत, आणि वीस वर्षांचा भुतिया तिथं आधीच पोचलेला असे. तीन गोल त्याचे. ४-१. राग माणसाला जोरात पळवतो, पण कुठं पळायचं हे त्याला रागातून कळत नाही. ते कुणीतरी आधी दाखवलेलं असावं लागतं. अंतिम सामन्यात हाच ईस्ट बंगाल गोव्याच्या साळगावकरकडून २-१ हरला, तेही सांगितलं पाहिजे.

जिथं त्यांना सरावाला माणसं पुरेशी मिळाली नाहीत तिथं काय झालं, तेही बघावं. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत ते भारताचे कोच होते. क्लब आधी की देश आधी यावरून शिबिराचं वातावरण बिघडलं होतं, काही खेळाडू शिबिर सोडून गेले होते. तरी संघ उपांत्यपूर्व फेरीत पोचला आणि सौदी अरेबियाकडून अखेरच्या मिनिटांत गोल खाऊन ०-१ असा हरला. त्या पराभवावरून त्यांना दोष देणारं बरंच लिहिलं गेलं. मला ते पटत नाही. रहीमसाहेबांकडे तेच तेच खेळाडू वर्षानुवर्षं होते, पीकेदांकडे ते क्लबात होते. भारताच्या संघाला तसं सातत्य कुणीच दिलं नाही, त्यांच्या आधी नाही आणि नंतरही नाही. नव्वदच्या दशकात जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत त्यांनी पोरं घडवली, ते काम त्यांच्या स्वभावाला जास्त मानवलं असावं.

२० मार्च २०२० रोजी ते गेले. एकेचाळीस दिवसांनी, ३० एप्रिलला, चुनीदाही गेले. कोरोनाच्या त्या दिवसांत दोघांनाही हवा तसा निरोप मिळाला नाही. तुलसीदास बलराम, भारतीय संघातल्या पीकेदा-चुनीदा-बलराम या त्रिकुटातले तिसरे, २०२३ मध्ये गेले.

ऑगस्ट २०२५ पासून भारताच्या संघाचा कोच खालिद जमील आहे. मुंबईत महिंद्र युनायटेडकडून खेळलेला मध्यरक्षक, नंतर वर्षानुवर्षं मुंबई एफसीचा कोच. २०१७ मध्ये त्यानं मिझोरामच्या ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली. तो संघ आदल्या वर्षी खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता आणि नशिबानं परत घेतला गेला होता. जमील अतिशय कमी बोलतो. पत्रकार परिषदेत त्याच्या तोंडून चार वाक्यं काढणं मुश्कील. पीकेदांच्या अगदी उलट माणूस, पण त्याचे संघ बघितले की ओळख पटते. प्रत्येक खेळाडूला आपण कुठं उभं राहायचं हे पाठ असतं. आल्या आल्या त्यानं मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला हरवून भारताला तिसरा क्रमांक मिळवून दिला. मग सिंगापूर आणि बांगलादेशकडून पराभव झाले, आशियाई चषकाची पात्रता हुकली आणि त्याला काढा असं म्हणणारे लगेच जागे झाले. पीकेदांना ईस्ट बंगालनं पहिल्या खेपेला सलग चार हंगाम दिले होते. जमीलला भारताच्या संघाबरोबर निदान तेवढे तरी मिळावेत.